गाडी, ट्रेलर आणि बिऱ्हाड: अमेरिकेत कुटुंबासह कॅम्पिंगची पहिली तयारी

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांत हल्ली दर उन्हाळ्यात एक प्रश्न निघतो. गाडी तर फोर-बाय-फोर घेतली आहे, आता मागे एक छोटा ट्रेलर जोडून मुलांना डोंगरात न्यायचं का? माझं उत्तर नेहमी हो असतं. सातवी-आठवीतली मुलं दोन रात्री फोनशिवाय आनंदाने राहतात आणि भारतातून आलेल्या आई-बाबांना तंबूत जमिनीवर झोपावं लागत नाही. पण या विषयावरची बहुतेक माहिती इथेच लहानाचे मोठे झालेल्यांसाठी लिहिलेली असते. आपल्याला पडणारे प्रश्न वेगळे असतात: कुकर चालेल का, व्हिसाचे कागद जवळ ठेवायचे का, डीलर सांगतो ते खरं का. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मी कॅलिफोर्नियात राहते, त्यामुळे नियम तिथले दिले आहेत. तुमच्या राज्याचे तुम्ही तपासून घ्या.

एक गोष्ट आधीच सांगते: वजनाचा हिशोब होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका. ना ट्रेलर, ना छतावरचा तंबू, ना मोठे टायर.

१. पहिल्या वेळी भाड्याने घ्या

आउटडोअर्सी आणि आरव्हीशेअर या सेवांवर लोक आपापले ट्रेलर भाड्याने देतात. तुमच्या गाडीला टो हिच, म्हणजे मागे ट्रेलर जोडायचा सांधा, नसेल तर बरेच मालक ट्रेलर कॅम्पग्राउंडवर आणून लावून देतात आणि नंतर परत नेतात. पहिल्यांदा हेच करा. दोन रात्रीत कळतं की मुलांना बंक बेड आवडतो की नाही, तुम्हाला आतला शॉवर खरंच लागतो का, आणि अठरा फुटांत चार माणसं एकमेकांना सांभाळून घेतात का. हे कुठल्याही शोरूममध्ये कळत नाही. ट्रेलरची कर्जं लांब मुदतीची असतात आणि किंमत मात्र पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, त्यामुळे घाईचा निर्णय महागात जातो.

२. दारावरचं स्टिकर वाचा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, तो सावकाश वाचा.

गाडीच्या जाहिरातीत टोइंग कपॅसिटी, म्हणजे गाडी किती वजन ओढू शकते तो आकडा, मोठ्या अक्षरात असते. २०१० ते २०२४ च्या पिढीतली टोयोटा फोररनर ५,००० पौंड ओढते, चार दारांच्या बहुतेक जीप रँग्लर ३,५०० पौंड. डीलर या आकड्याकडे बोट दाखवतो, ट्रेलरच्या माहितीपत्रकातलं ड्राय वेट ३,४०० आहे म्हणतो आणि कागद पुढे करतो. यात दोन फसवणुकी आहेत.

पहिली, ड्राय वेट म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. पाणी नाही, बऱ्याचदा बॅटरी आणि गॅसही नाही, भांडीकुंडी तर नाहीतच. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं असतं, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की २५० पौंड वाढले. प्रोपेनचा २० पौंडी सिलिंडर भरल्यावर साधारण ३७ पौंड भरतो. गाद्या, खुर्च्या, तांदळाची पिशवी, मुलांच्या सायकली धरून तयार ट्रेलर ड्राय वेटपेक्षा सहज सात-आठशे पौंड जड होतो. म्हणून ट्रेलरच्या स्टिकरवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा, हाच आकडा धरा.

दुसरी फसवणूक अधिक खोल आहे. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायर आणि भाराची माहिती देणारं स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. तो तुमच्या गाडीचा पेलोड. ट्रेलरचं पुढचं टोक हिचवर जो भार टाकतं, त्याला टंग वेट म्हणतात. ट्रेलर नीट चालायचा तर हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, आणि तो गाडीच्या पेलोडमध्येच मोजला जातो.

आता हिशोब करून बघू. समजा स्टिकरवर १,१०० पौंड आहेत. नवरा-बायको मिळून ३१०, दोन मुलं १३०, झाले ४४०. ट्रेलर भरून ४,२०० पौंड, त्याचे १२ टक्के म्हणजे ५०० च्या वर. ट्रेलरचा भार गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटून देणारी वेट डिस्ट्रिब्यूशन हिच स्वतः ८० च्या आसपास. बेरीज १,०२० च्या पुढे गेली. मागच्या डिकीतला भरलेला कूलर आणि दोन बॅगा ठेवल्या की मर्यादा संपली. टोइंगचा आकडा ५,००० आहे, ट्रेलर ४,२०० चा आहे, तरीही गाडी भरली आहे. यावर छतावर दीडशे पौंडांचा तंबू, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) लावलीत, तर प्रत्येक पौंड याच १,१०० मधून वजा होतो. नंतर बसवलेली कुठलीही वस्तू फुकट वाहून नेली जात नाही.

आणखी एक आकडा बघा: हिचच्या रिसीव्हरवर, म्हणजे गाडीखालच्या चौकोनी खोबणीवर, कमाल टंग वेट छापलेलं असतं. ५,००० पौंडांच्या रिसीव्हरवर ते बहुधा ५०० असतं. वरच्या उदाहरणात आपण तेही ओलांडलं.

कागदावरच्या हिशोबावर थांबू नका. महामार्गावरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे वाहनं तोलायचे काटे, असतात. सगळं भरून, सगळ्यांना बसवून एकदा त्यावर चढा. थोडक्या डॉलरांत प्रत्येक ॲक्सलचं (चाकांच्या आसाचं) वजन छापून मिळतं. ती पावती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

३. ट्रेलर निवडणं

चौघांच्या कुटुंबाला आणि मध्यम एसयूव्हीला १६ ते २० फुटी, भरून ३,५०० पौंडांच्या आत राहणारा ट्रेलर पुरतो. कापडी भिंतींचा पॉप-अप हलका आणि स्वस्त पडतो. पण अस्वलांच्या प्रदेशात काही ठिकाणी तो चालत नाही: यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये (आरव्ही म्हणजे मुक्कामाची वाहनं आणि ट्रेलर) फक्त कडक भिंतींची वाहनं घेतात.

‘ऑफ-रोड’ असं रंगवलेलं पॅकेज बघून भुलू नका. खाली वाका आणि ॲक्सल, स्टेप आणि सांडपाण्याचे पाइप जमिनीपासून किती उंच आहेत ते बघा. पाइप ॲक्सलच्या खाली लोंबत असेल तर पहिल्याच दगडावर तो तुटणार, बाजूला डोंगराचं चित्र काढलेलं असो वा नसो.

जुना ट्रेलर घेणं शहाणपणाचं आहे, फक्त त्यातलं पाणी शोधायला शिका. ट्रेलर सडतो तो छताच्या सांध्यातून झिरपलेल्या पाण्याने. टॉर्च घेऊन आत जा. वरचे कोपरे, खिडक्यांच्या खालची भिंत, शॉवरजवळची जमीन अंगठ्याने दाबत चला. कुठे मऊ लागलं, वॉलपेपरला सुरकुती दिसली, बाहेरच्या फायबरग्लासला फुगा आला असेल, तर दर कितीही उतरवला तरी परत फिरा. कपाटं उघडून वास घ्या. एअर फ्रेशनरचा दर्प असेल तर मालकाला कारण विचारा.

टायरवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार बघा. २३२२ असेल तर तो टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने मरतात, पाच-सहा वर्षांनी खाच कितीही खोल दिसली तरी बदला.

४. हिच, ब्रेक आणि वायर

गाडीमागे चार पिनांचं सॉकेट असेल तर त्यातून फक्त दिवे चालतात. ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकसाठी सात पिनांचं सॉकेट आणि ड्रायव्हरच्या हाताशी ते ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर लागतो. कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. कंट्रोलर चांगल्या मेकॅनिककडून बसवून घ्या, इथे पैसे वाचवू नका.

हिचवरच्या गोळ्याची, म्हणजे बॉलची, तीन मापं प्रचलित आहेत: एक पूर्णांक सात अष्टमांश इंच, दोन इंच, आणि दोन पूर्णांक पाच षोडशांश इंच. ट्रेलरच्या कप्लरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या टोपणावर, माप कोरलेलं असतं, तेच घ्यायचं. जरा लहान बॉलवर कप्लर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात उडतो.

५. गाडी: टायर आणि हवा

मोठे टायर आणि सस्पेन्शन लिफ्टचा मोह सगळ्यांना होतो. टोइंगसाठी दोन्ही त्रासाचे: गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, गिअरिंग जड होतं, ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. मूळ मापाचे चांगले ऑल-टेरेन टायर कुटुंबाला नेता येईल अशा बहुतेक कच्च्या रस्त्यांना पुरेसे आहेत. त्यापेक्षा या वस्तू घ्या:

– टायरमधली हवा मोजायचा गेज आणि १२ व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर
– वाळूत चाकाखाली घालायचे ट्रॅक्शन बोर्ड आणि एक फावडं
– रिकव्हरी स्ट्रॅप (अडकलेली गाडी ओढायचा पट्टा) आणि सॉफ्ट शॅकल (तो अडकवायची दोराची कडी)
– गाडीला आणि ट्रेलरला वेगवेगळे स्पेअर टायर, दोन्हीला चालणारा जॅक
– टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना

कच्च्या रस्त्यावर हवा कमी केली की टायर दगडाला कवेत घेतो आणि आतल्यांची हाडं खिळखिळी होत नाहीत. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी मात्र पुन्हा भरायलाच हवी, म्हणून कॉम्प्रेसर.

इथे एक इशारा जिवाचा आहे. अडकलेली गाडी ओढताना स्ट्रॅप कधीही हिचच्या बॉलला अडकवू नका. ताणाखाली बॉल तुटतो आणि गोळीसारखा उडतो, त्याने माणसं मेली आहेत. स्ट्रॅप फक्त रिकव्हरीसाठी बनवलेल्या पॉइंटला लावा आणि मुलांना दूर, बाजूला उभं करा.

ट्रेलर जोडून अनोळखी कच्च्या रस्त्यावर जाऊ नका. आधी ट्रेलर सोडून एकट्या गाडीने रस्ता बघून या, वळायला जागा आहे याची खात्री करा. फॉरेस्ट सर्व्हिसचे मोटर व्हेइकल यूज मॅप फुकट मिळतात. कुठल्या रस्त्यावर वाहन न्यायला परवानगी आहे ते त्यावरच ठरतं, गूगलच्या नकाशावर नाही.

६. जवळ ठेवायचे कागद

– ड्रायव्हिंग लायसन्स. कॅलिफोर्नियात साध्या क्लास सी लायसन्सवर १०,००० पौंडांच्या आतला ट्रॅव्हल ट्रेलर ओढता येतो
– गाडीचं आणि ट्रेलरचं स्वतंत्र रजिस्ट्रेशन
– विम्याचे कागद. गाडीच्या पॉलिसीतली लायबिलिटी बहुधा जोडलेल्या ट्रेलरला लागू होते, ट्रेलरच्या स्वतःच्या नुकसानीला नाही. एजंटकडून लेखी घ्या
– कॅम्पसाइटचं बुकिंग छापून. डोंगरात नेटवर्क नसतं
– कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट. कॅम्पग्राउंडबाहेर सरकारी जमिनीवर शेकोटी किंवा गॅसची शेगडी पेटवायलाही ते लागतं, मिळतं फुकट

जे नागरिक नाहीत त्यांच्यासाठी: १८ वर्षांवरील प्रत्येकाने आपले इमिग्रेशनचे कागद जवळ बाळगावेत असा कायदाच आहे. ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड, व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि छापलेला आय-९४, म्हणजे अमेरिकेत प्रवेशाची नोंद. टेक्ससमधलं बिग बेंड, न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स या भागांत बॉर्डर पेट्रोलची तपासणी नाकी असतात आणि तुम्ही सीमा ओलांडलेली नसली तरी तिथे थांबवतात. भेटीला आलेल्या आई-बाबांचे पासपोर्ट घरच्या कपाटात सुरक्षित आहेत असं सांगून तिथे भागत नाही.

७. जागा मिळवणं

राष्ट्रीय उद्यानांचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर, कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कांचं रिझर्व्ह कॅलिफोर्नियावर. स्टेट पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्याचे शनिवार-रविवार मिनिटांत संपतात. आठवड्याच्या मधल्या रात्री शोधा, रद्द झालेल्या जागांवर लक्ष ठेवा.

बुक करताना ट्रेलरच्या लांबीची मर्यादा वाचा. ती मोटरहोमपेक्षा, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेल्या घर-गाडीपेक्षा, वेगळी असते. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये मोटरहोम ३५ फुटांपर्यंत चालतं, ट्रेलर मात्र २४ फुटांपर्यंतच. लांबी मोजताना पुढची टंग आणि मागचं बंपर दोन्ही धरा.

नॅशनल फॉरेस्ट आणि बीएलएम (ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, सरकारी जमिनींचं खातं) यांच्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी बुकिंगशिवाय, फुकट मुक्काम करता येतो, साधारण १४ दिवसांपर्यंत. तिथे नळ नाही, वीज नाही, शौचालय नाही. पहिल्या-दुसऱ्या वेळी तिकडे वळू नका.

८. जोडणं आणि चालवणं

क्रम ठरवा आणि तो कधी बदलू नका. ट्रेलरच्या चाकांना चॉक (चाक घसरू न देणारी पाचर), मग गाडी मागे घेणं, कप्लर बॉलवर, लॅच बंद, पिन आत. आता जॅक फिरवून ट्रेलरचं पुढचं टोक थोडं उचला. गाडीची मागची बाजू ट्रेलरबरोबर उचलली गेली तरच कप्लर खरा पकडला आहे. मग सेफ्टी चेन एकमेकींवरून फुलीत, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) गाडीच्या चौकटीला, सात पिनांचा प्लग, दिवे. जॅकचा पाय पूर्ण वर. चॉक सगळ्यात शेवटी काढायचे. हे करताना कोणी गप्पा मारायला आलं तर नम्रपणे थांबवा, कारण गोष्टी राहतात त्या अशाच वेळी.

चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही. बाळ झोपलंय, आजींचे पाय दुखताहेत, तरीही नाही.

कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग ताशी ५५ मैल आहे. मागची वाहनं चिडली तरी चिडू द्या. सामान भरताना सुमारे ६० टक्के वजन ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे ठेवा. मागे जड झालेला ट्रेलर शेपटी हलवू लागतो. तसं झालं तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका आणि स्टिअरिंगने झुंजू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरवरचा ट्रेलर-ब्रेक हाताने हळूहळू द्या. घाट उतरताना आधीच खालचा गिअर घ्या. पेट्रोल साधारण दुप्पट लागेल, त्यानुसार पंप ठरवा. पहिल्या ५० ते १०० मैलांनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

मागे घेणं रिकाम्या पार्किंगमध्ये शिका. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा, ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्या. बाहेर उभा राहणारा माणूस आरशात दिसेनासा झाला की लगेच थांबायचं, हा नियम नवरा-बायकोंनी घरीच ठरवून घ्यावा.

९. पोचल्यावर: वीज, पाणी आणि आपलं स्वयंपाकघर

आधी डावी-उजवी पातळी, मग चॉक, मग गाडी सोडणं, मग पुढची-मागची पातळी. वीज जोडण्याआधी खांबावरचा ब्रेकर बंद करा आणि मध्ये सर्ज प्रोटेक्टर लावा.

छोट्या ट्रेलरला ३० अँपिअरचं कनेक्शन असतं. १२० व्होल्टने गुणलं की ३,६०० वॅट होतात. एसी त्यातले दीड हजाराच्या आसपास खातो, इंडक्शन १,८०० पर्यंत. दोन्ही चालू असताना कोणी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली की ब्रेकर पडणारच. स्वयंपाकाच्या वेळी एसी बंद, हा सोपा उपाय.

पिण्याच्या पाण्यासाठी वेगळा पांढरा होज घ्या आणि नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा. काही कॅम्पग्राउंडचा दाब ट्रेलरच्या पाइपांना फाडण्याइतका असतो.

कुकर न्याच. योसेमिटीतलं टुओलमी मेडोज ८,६०० फुटांवर आहे, तिथे पाणी सुमारे ९१ अंशांना उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, कुकरमध्ये नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त दिल्या की काम होतं. फोडणी मात्र बाहेर, टेबलावरच्या शेगडीवर करा. ट्रेलर इतका लहान असतो की मोहरी तडतडली आणि मिरची पडली की स्मोक अलार्म ओरडतो, आणि मग कोणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढून ठेवतं. ती कधीही काढायची नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि गॅसचा डिटेक्टर तुमच्या झोपेची राखण करतात. थंडी वाजली म्हणून आत शेगडी पेटवून ठेवणं किंवा कोळशाची सिगडी आत आणणं जीवघेणं आहे.

ताटं धुण्याआधी आमटी-तेल कागदाने पुसून घ्या. सांडपाण्याच्या टाकीत गेलेली डाळ तिथेच कुजते, आणि तिसऱ्या दिवशी सिंकमधून वास येतो.

रात्री बाहेर काही ठेवू नका. योसेमिटीत रात्री गाडीत अन्न ठेवायलाही बंदी आहे, अस्वल दार वाकवून आत शिरतं. लाडूचा डबा, टूथपेस्ट, बाळाचे वाइप्स, अत्तर, सगळं साइटवरच्या लोखंडी लॉकरमध्ये. जळण घरून नेऊ नका, लाकडातून कीड नव्या जंगलात पसरते. तिथेच विकत घ्या.

१०. निघताना आणि हंगाम संपताना

ट्रेलरमध्ये दोन घाण टाक्या असतात: ब्लॅक म्हणजे शौचालयाची, ग्रे म्हणजे सिंक-शॉवरची. हुकअप, म्हणजे वीज-पाणी-सांडपाण्याची जोडणी, असलेल्या साइटवरही ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं, घट्ट भाग खाली बसून खडक होतो. टाकी बरीच भरल्यावरच डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करायची. हातमोजे घाला, होज नीट फिरवून बसवा, आधी ब्लॅक उघडा, ती संपली की ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी होज धुऊन काढतं. तिथला नळ पिण्याचा नसतो, तुमचा पांढरा होज तिकडे नेऊ नका.

गोठवणारी थंडी पडणाऱ्या भागात राहत असाल तर पहिल्या फ्रॉस्टआधी सगळ्या टाक्या आणि वॉटर हीटर रिकामे करा, हीटरचा बायपास (पाणी हीटरला वगळून नेणारा व्हॉल्व्ह) फिरवा आणि पाइपांत आरव्हीसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ पंपाने खेचा. प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही, गुलाबी पाणी येईपर्यंत उघडा, बाहेरचा शॉवर विसरू नका. गाडीच्या इंजिनात घालतात ते हिरवं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते इथे वापरायचं नाही. बॅटरी काढून घरात ठेवा, फ्रिजचं दार उघडं ठेवा, आणि छताच्या सांध्यांवरचं सीलंट त्याच दिवशी शिडी लावून बघून घ्या, कारण पाऊस सुरू झाल्यावर भेग भरता येत नाही.